‘माल’ शोधला की ‘मेल’ सापडायचा: नाइटली बिल्डमधल्या मराठी सर्चची गोष्ट

नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक कापड दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर आम्ही चौघं मिळून सांभाळतो, आणि आमचं कामाचं सगळं बोलणं एक्सएमपीपीवर चालतं. एक्सएमपीपी म्हणजे चॅटसाठीचा खुला प्रोटोकॉल, जुनं जॅबर, जेरेमी मिलरने १९९९ मध्ये सुरू केलेलं, २००४ मध्ये त्याचं रीतसर स्टँडर्ड झालं आणि २०११ मध्ये ते सुधारून परत आलं. ईमेलसारखंच आहे, कुणीही आपला सर्व्हर टाकावा, कुणीही कुठलंही अ‍ॅप वापरावं आणि सगळ्यांनी एकमेकांशी बोलावं. आमचा सर्व्हर प्रोसडी या एक्सएमपीपी सर्व्हर प्रोग्रॅमवर आहे, भाड्याच्या छोट्याशा मशीनवर, आणि तो मी बघतो. मेसेज ओमेमो या पद्धतीने एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे पाठवणाऱ्या-घेणाऱ्याच्या मशीनवरच उघडतील असे कुलूपबंद होऊन जातात, म्हणजे सर्व्हरवर जे पडून असतं ते मलाही वाचता येत नाही, आणि ते तसंच पाहिजे, कारण त्या बोलण्यात दुकानदारांचे हिशेब असतात, उधारी असते, कोणाकडे किती माल अडकला ते असतं.

पण याचा एक परिणाम असा की सर्च सर्व्हरवर होऊच शकत नाही. जे काही शोधायचं ते आपल्या कॉम्प्युटरवर, आपल्याच अ‍ॅपमध्ये, आपल्याकडे उघडून साठवलेल्या मेसेजमध्ये. तेव्हा अ‍ॅपचा सर्च नीट चालला तर ठीक, नाही तर दोन वर्षांपूर्वी कुठल्या दुकानाचा जीएसटीचा घोळ कसा सोडवला होता ते हाताने स्क्रोल करत बसा.

डेस्कटॉपवर आम्ही जे अ‍ॅप वापरतो त्याची नाइटली, म्हणजे रोज रात्री ताज्या कोडमधून आपोआप तयार होणारी आवृत्ती मी माझ्या मशीनवर कायम चालवतो. अ‍ॅपचं नाव घेत नाही कारण पुढे जे सांगणार आहे तो प्रश्न त्या एका अ‍ॅपचा नाहीच, एसक्यूलाइट या प्रोग्रॅमच्या आतच बसणाऱ्या छोट्या डेटाबेसच्या साध्या सेटिंगवर सर्च उभा केलेल्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये तो निघू शकतो. मित्र म्हणतात कायले त्या कच्च्या अ‍ॅपच्या मागे लागला बे, जे पक्कं आहे ते वापर ना. पण मला हे मनापासून वाटतं की मराठीत लिहिणाऱ्या कोणीतरी कच्चं अ‍ॅप वापरलंच पाहिजे, कारण पक्क्यात जे येणार ते आधी कच्च्यात येतं आणि तिथे आपली लिपी वापरणारं माणूस नसलं तर चूक तशीच पुढे सरकते. ही गोष्ट त्याचीच आहे.

आधी थोडं नाइटली कशी वापरायची त्याबद्दल, कारण लोक घाबरतात ते इथेच. पहिली गोष्ट, नाइटलीला वेगळं प्रोफाइल द्यायचं, नेहमीच्या पक्क्या आवृत्तीचा डेटाबेस तिला द्यायचा नाही. नवीन आवृत्ती डेटाबेसची रचना बदलते आणि मग जुनी आवृत्ती तो उघडायला नकार देते, परतीचा रस्ता बंद. दुसरी गोष्ट ओमेमोची, प्रोफाइलचं फोल्डर कॉपी करून दोन ठिकाणी चालवायचं नाही. ओमेमोमध्ये प्रत्येक मेसेजबरोबर किल्ली पुढे सरकत असते, आणि एकच किल्ली दोन मशीनवर वेगवेगळी पुढे गेली की मेसेज उघडणं बंद होतं. नाइटलीने नवीन डिव्हाइस म्हणूनच लॉगिन करावं, समोरच्यांना नवीन फिंगरप्रिंट, म्हणजे त्या डिव्हाइसच्या किल्लीची ओळख, दिसेल, ते त्यांना आधी सांगून ठेवावं. आणि लॉग कुठेही चिकटवण्याआधी वाचावा, डीबग लॉगमध्ये लोकांचे पत्ते असतात, काही वेळा पूर्ण मेसेज असतात. एवढं सांभाळलं तर भीती बाळगण्यासारखं फार नाही.

कुणाला सुरुवात याहून सोपी हवी असेल तर थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमची बीटा आणि डेली अशा दोन्ही आवृत्त्या मिळतात, एलिमेंट या चॅटच्या प्रोग्रॅमची डेव्हलप शाखा सरळ ब्राउझरमध्ये उघडता येते, सिग्नलची बीटा फोनवर प्ले स्टोअरमधूनच घेता येते. प्रोसडीचेही नाइटली पॅकेज आहेत पण सर्व्हरच्या बाबतीत मी ते वेगळ्या टेस्ट मशीनवरच ठेवतो, चौघांचं काम त्याच्यावर आहे.

तर मे महिना होता. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, दुपारी लॅपटॉप इतका तापतो की प्रोसेसर आपोआप हळू होतो, त्यामुळे कंपाइल वगैरे जे काय ते मी रात्री कूलर लावून करतो. त्या दिवसात नाइटलीमध्ये नवीन सर्च आला होता. जुना सर्च म्हणजे प्रत्येक मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून त्यात तेवढी अक्षरं आहेत का बघायचं, हळू, आमच्या इतक्या मोठ्या इतिहासात तर फारच हळू. नवीन सर्च एसक्यूलाइटच्या एफटीएस५ वर होता, म्हणजे आधीच शब्दांची सूची बनवून ठेवायची, पुस्तकाच्या शेवटी असते तशी, आणि शोधताना फक्त सूची बघायची. एंटर दाबला की लगेच उत्तर. मी खूश झालो आणि बाजूच्याला दाखवलं. तो गांधीबागेतलाच पोरगा, त्याने माझ्याच मशीनवर ‘माल’ टाकला. यादी आली आणि तो म्हणाला, “अबे, माल टाकला तर हे मेल काऊन दाखवून रायलं?”

खरंच. ‘मेल पाठवला का’, ‘मूल आजारी आहे, उशिरा येतो’, ‘दोन दिवस कामाला येणार नाही’, सगळे आले होते आणि त्यात मधेमधे माल. ‘कामाला’ तर आमच्या बोलण्यात दर चौथ्या ओळीत असतं, त्यामुळे यादीत तेच भरून होतं. मी ‘घर’ टाकून बघितलं, बरोबर चाललं. ‘आई’ बरोबर चाललं. ‘बस’ बरोबर. इंग्रजी शब्द सगळे बरोबर. म्हणजे सर्च पूर्ण मोडलेला नव्हता, काही शब्दांवर बरोबर आणि काहींवर चूक, आणि अशा वेळी लोक रिपोर्ट करत नाहीत, त्यांना वाटतं आपणच काहीतरी चुकीचं टाकलं असेल.

एक गोष्ट लगेच लक्षात आली. जे बरोबर चालत होते त्या शब्दांत काना-मात्रा-वेलांटी काहीच नव्हतं.

एफटीएस५ मध्ये एक सोय आहे, एफटीएस५व्होकॅब म्हणून, तिने सूचीत कुठले शब्द साठवलेत ते बघता येतं. मी नाइटलीच्या डेटाबेसची कॉपी घेऊन एसक्यूलाइटच्या कमांडलाइनमध्ये उघडली आणि ती यादी काढली. शब्दांच्या जागी सुटी अक्षरं होती. क, म, ल, त, र, न, आणि त्यांच्यापुढे हजारोंचे आकडे. आपल्याच मेसेजचं असं पीठ झालेलं बघून वाईट वाटलं, पण कारण त्याच क्षणी कळलं.

कारण असं. एफटीएस५ चा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे वाक्याचे शब्द पाडणारा भाग, त्याचं नाव युनिकोड६१. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला असतो, अक्षर, अंक, विरामचिन्ह असे. युनिकोड६१ अक्षर आणि अंक यांना शब्दाचा भाग धरतो आणि बाकी सगळ्याला शब्द तोडणारी जागा. आता आपला ‘म’ अक्षर या वर्गात आहे, ‘आ’ सुद्धा अक्षर, पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे युनिकोडमध्ये ‘मार्क’ या वर्गात आहेत, त्यांचे दोन प्रकार, एमएन आणि एमसी. ते अक्षरही नाहीत आणि अंकही नाहीत. म्हणून या टोकनायझरच्या लेखी काना म्हणजे जणू स्पेस. ‘माल’ त्याला दिसतो ‘म’ आणि ‘ल’ असे दोन शब्द, ‘मेल’ पण तेच, ‘मूल’ पण तेच, ‘मोल’ पण तेच, आणि ‘कामाला’ म्हणजे क, म, ल, त्यात म नंतर ल आलाच. ‘नागपूर’चे तुकडे न, गप, र. तमिळ, बंगाली, गुजराती, कन्नड सगळ्यांचं हेच होणार कारण त्यांच्याही स्वरचिन्हांचा वर्ग मार्कच आहे. फ्रेंच किंवा जर्मन लिहिणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही, त्यांची टिंबावाली अक्षरं सहसा अख्खं अक्षर म्हणूनच साठवलेली असतात, आणि वेगळी चिन्हं आली तरी त्यांच्यासाठी टोकनायझरमध्ये खास व्यवस्था आहे. आपल्यासाठी नाही.

मग रिपोर्ट लिहायला बसलो. यात मी घाई केली नाही कारण समोर वाचणाऱ्याला देवनागरी येत नाही हे धरून लिहावं लागतं, आणि इथेच आपल्याकडचे बरेच रिपोर्ट मागे पडतात, ‘मराठी सर्च चालत नाही’ एवढं लिहून सोडलं तर समोरचा काय करणार, त्याला बरोबर काय आणि चूक काय हेच दिसत नाही. मी सर्व्हरवर दोन नवीन टेस्ट खाती काढली, त्यांच्यात चारच मेसेज टाकले, माल, मेल, मूल, मोल, प्रत्येकी एक. दुकानदारांच्या बोलण्यातलं एक अक्षरही बाहेर जायला नको होतं. मग प्रत्येक शब्द कुठल्या कुठल्या चिन्हांचा बनलाय ते क्रमांक आणि वर्गासह लिहिलं, व्होकॅबची यादी जोडली, एसक्यूलाइटची आवृत्ती, अ‍ॅपचा कमिट क्रमांक (कमिट म्हणजे कोडमधल्या एका बदलाची नोंद), आणि कुठल्या बदलापासून हे सुरू झालं तेही. ते शोधायला कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधलं बायसेक्ट वापरलं. चांगला कमिट सांगायचा, वाईट कमिट सांगायचा, ते बरोबर मधला काढून देतं, तो बनवून बघायचा आणि चांगला की वाईट ते सांगायचं. दर वेळी अर्धे कमी होतात त्यामुळे हजार कमिट असले तरी दहाएक पायऱ्यांत उत्तर येतं. मला अंदाज होताच की सर्च बदलला तोच कमिट निघणार आणि तोच निघाला, पण अंदाज आहे म्हणणं आणि बोट ठेवून दाखवणं यात वाचणाऱ्यासाठी फार फरक असतो.

उत्तर आलं ते चांगलं आलं. मेंटेनरने, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्याने, आभार मानले आणि विचारलं की एसक्यूलाइटमध्ये ट्रायग्राम नावाचा दुसरा टोकनायझर आहे, २०२० च्या शेवटी आलेला, तो शब्द पाडतच नाही, सलग तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून साठवतो, भाषा कुठलीही असो, तो लावला तर? प्रश्न योग्य होता. पण ट्रायग्रामने सूची करून शोधायचं तर निदान तीन चिन्हं तरी लागतात. ‘चहा’ चालेल कारण च, ह आणि काना असे तीन होतात. पण ‘घर’ दोनच चिन्हांचा. ‘वर’, ‘पण’, ‘बस’, ‘मी’, ‘तू’, सगळे दोनाचे. मराठीत असे शब्द पैशाला पासरी. मी ही यादीच दिली. मेंटेनरला पटलं आणि मग मला विचारलं की पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, तुम्हीच द्याल का.

मी रोज दुकानांच्या बिलिंगचं काम करतो, चॅट अ‍ॅपचा कोड माझा नव्हे. तरी हो म्हणालो कारण टेस्टसाठी जे शब्द लागणार होते ते माझ्याकडे होते.

एसक्यूलाइटमध्येच का नाही दुरुस्त करायचं, असं आमच्यातल्या एकाने विचारलं. एसक्यूलाइटचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, सार्वजनिक मालकीचा आहे, पण ते बाहेरच्या कोणाचा कोड आत घेत नाहीत, तसं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. आणि गरजही नव्हती, कारण युनिकोड६१ ला कुठले वर्ग शब्दाचा भाग धरायचे ते सांगता येतं. अक्षर आणि अंकाच्या जोडीला एमएन आणि एमसी लिहिलं की झालं, एका ओळीचा बदल. मी तो केला, रात्री बिल्ड लावला, सकाळी तर्री-पोहे खाऊन आलो आणि ‘माल’ टाकला. फक्त माल आला. व्होकॅबमध्ये आता अख्खे मराठी शब्द दिसत होते, आणि सर्च आधीपेक्षा वेगवान वाटत होता, साहजिक आहे, एकेका सुट्या अक्षराखाली जो हजारो मेसेजचा ढीग होता तो गेला.

पण इथेच थांबलं असतं तर आपल्याला निम्माच सर्च मिळाला असता. आमच्या चौघांच्या मशीनवर तो बिल्ड टाकला तर पहिली तक्रार आली की ‘घर’ टाकलं तर ‘घरात’ येत नाही. आधी येत होतं! आधी ‘घरात’चे तुकडे घर आणि त असे पडायचे म्हणून ते अपघाताने सापडत होतं. आता ‘घरात’ हा वेगळा शब्द झाला. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, घरात, घरून, घराला, घरापाशी, दुकानात, दुकानदाराकडून, त्यामुळे अख्खा शब्द जुळवायचा म्हटलं तर आपलं काहीच सापडणार नाही. त्याला उपाय म्हणजे शेवटच्या शब्दापुढे तारा (*) लावून शोधायचं, म्हणजे त्याने सुरू होणारे सगळे. एफटीएस५ मध्ये त्यासाठी वेगळी छोटी सूची ठेवायचीही सोय आहे, तीही टाकली. ‘माल’ बरोबर आता ‘मालक’ पण येतो, ते चालतं, मालकाचं बोलणंही आम्हाला लागतंच.

यानंतर आलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि मराठी सोडून दुसऱ्या भाषेच्या माणसाच्या ते लक्षात यायचं कारणच नव्हतं. ‘दुसऱ्या’ हा शब्द. ‘येणाऱ्या’, ‘व्यापाऱ्याला’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’. व्यापाऱ्यांसाठी काम करणाऱ्या माणसांच्या चॅटमध्ये ‘व्यापाऱ्या’ किती वेळा येत असेल! आमच्यातल्या एकाने ‘व्यापाऱ्याचा’ टाकलं तर त्याचे स्वतःचे मेसेज आले आणि माझे आले नाहीत. दिसायला दोन्ही शब्द हुबेहूब सारखे.

हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर, क्रमांक ०९३१, त्याला हलन्त आणि पुढे य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी J चं बटण दाबलं की हा ऱ येतो. दुसरी तऱ्हा, साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह, आणि मग य. पडद्यावर सारखंच, पोटात वेगळं. आणि तिसरंही एक आहे, र खाली नुक्ता देऊन, पण ते युनिकोडच्या नेहमीच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा एका साच्यात आणण्याने, आपोआप ऱ होतं, त्याची चिंता नाही. पहिल्या दोघांना मात्र युनिकोड एकसारखे मानत नाही, एनएफसी केलं तरी ते वेगळेच राहतात. वरून तो जॉइनर तिसऱ्याच वर्गात येतो, मार्क नाही, अक्षर नाही, म्हणून तिथे शब्द पुन्हा तुटायचा.

माझा पहिला विचार होता की जॉइनरला पण शब्दाचा भाग करून टाकू, तशी सोय आहे. मेंटेनरने रिव्ह्यूमध्ये इमोजी दाखवले. आई-बाबा-मुलगी असं जे कुटुंबाचं इमोजी असतं ते तीन इमोजी आणि मधे हाच जॉइनर असं बनलेलं असतं. इमोजी स्वतः शब्दात धरले जात नाहीत, मग जॉइनर तेवढा उरतो आणि सूचीत न दिसणारा एक शब्द होऊन बसतो. हे माझ्या ध्यानात कधीच आलं नसतं, आणि दऱ्या-तऱ्हांचं त्यांच्या आलं नसतं. एकमेकांचा कोड वाचण्याचा उपयोग काय ते मला त्या रिव्ह्यूत दिसलं.

मग जॉइनर सरळ काढूनच टाकायचा? तेही नाही. र-हलन्त-जॉइनर-य मधून जॉइनर काढला तर य वर रफार चढतो, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’. स्वयंपाक करणारे कुठे आणि गुरुजी कुठे. म्हणून शेवटी ठरलं ते असं: मेसेज सूचीत टाकण्याआधी आणि शोधायचा शब्द घेतल्यावर, दोन्हीकडे, आधी एनएफसी करायचं, मग जिथे र-हलन्त-जॉइनर दिसेल तिथे ऱ-हलन्त लिहायचं, आणि मगच देवनागरी हलन्तापुढचे उरलेले जॉइनर काढायचे. हा क्रम मोडला तर सगळं बिघडतं, म्हणून क्रमाचीच वेगळी टेस्ट लिहिली. मूळ मेसेजला हात लावायचा नाही, ज्याने जसं लिहिलं तसंच ते दिसलं पाहिजे, बदल फक्त सूचीसाठीच्या प्रतीत. इमोजीचे जॉइनर जिथल्या तिथे राहतात.

टेस्ट फाइलमध्ये मी आमच्या रोजच्या बोलण्यातले शब्द घातले. माल, मेल, मूल, मोल एकमेकांना सापडता कामा नयेत. घर टाकलं की घरात सापडलं पाहिजे. व्यापाऱ्याला दोन्ही तऱ्हेने लिहिलेला, एक टाकला की दोन्ही सापडले पाहिजेत. दऱ्या टाकलं तर दर्या येता कामा नये. प्रत्येक शब्दापुढे दोन ओळींची टीप की हा शब्द इथे का आहे, म्हणजे पाच वर्षांनी कोणी तिसराच माणूस कोड साफ करायला बसला आणि त्याला वाटलं की या विचित्र अक्षरांच्या ओळी काढून टाकू, तर त्याला कळावं. ही फाइल माझ्या मते त्या एका ओळीच्या दुरुस्तीपेक्षा मोठी आहे. दुरुस्ती कोणी चुकून परत उलटवू शकतं, पण टेस्ट असली की कोड आत जाण्याआधीच लाल दिवा लागतो. बंगाली लिहिणाऱ्या एका माणसाने तीच फाइल बघून खाली बंगालीचे शब्द जोडले, मग कोणीतरी तमिळचे.

उरलेलं काम मेहनतीचं होतं पण सांगण्यासारखं कमी. सूचीची पद्धत बदलली की जुनी सूची टाकून नवीन बांधावी लागते, आणि कोणाकडे लाखो मेसेज असतील तर अ‍ॅप उघडताना ते गोठून बसेल. मेंटेनरने ते थोडं थोडं करून पाठीमागे चालू द्यायला सांगितलं, मधे अ‍ॅप बंद केलं तर पुढच्या वेळी तिथूनच सुरू व्हावं असं. ते लिहायला मला वेळ लागला, दिवसा दुकानांचं काम, जुलैचा पाऊस, आणि जीएसटीच्या तारखा आल्या की आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. रिव्ह्यूमध्ये नावं बदला, हे फंक्शन दोन करा, कमिट जोडून एक करा, मुख्य शाखा पुढे गेली, परत रीबेस करा म्हणजे आपला बदल तिच्यावर नव्याने बसवा, असं बरंच झालं. नवीन माणसाला यात वाटू शकतं की मागे लागलेत आपल्या, तसं नसतं. तो कोड पुढची अनेक वर्षं त्यांनाच सांभाळायचाय, त्यांनी बारकाईने बघितलंच पाहिजे, आणि मी जिथे थांबलो तिथे त्यांनी मला कोणती फाइल वाचायची ते प्रत्येक वेळी दाखवलं.

शेवटचा रिव्ह्यू तान्ह्या पोळ्याच्या दिवशी उरकला. त्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, इतवारी-गांधीबागेकडे पाय ठेवायला जागा नसते, दुकानं बंद, म्हणून दिवसभर घरी बसायला मिळालं. संध्याकाळी पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती, त्यांना बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, देऊन परत आलो तर पॅच मुख्य शाखेत गेलेला होता. दुसऱ्या दिवशीच्या नाइटलीमध्ये तो आला आणि मी चौघांच्या ग्रुपवर सांगितलं. ज्याने मे महिन्यात माल टाकला होता त्याने परत माल टाकला, खाली स्क्रोल करून नीट बघितलं, आणि लिहिलं, “आता बरोबर देऊन रायलं भाऊ.”

नवीन सर्च पक्क्या आवृत्तीत आला तो या दुरुस्तीसकट. म्हणजे मोडलेला मराठी सर्च पक्की आवृत्ती वापरणाऱ्या कोणाच्याही हातात कधी पडलाच नाही. त्यांना हे कधी कळणारही नाही, आणि तसंच व्हायला हवं होतं.

एक गोष्ट राहिलीय आणि तिची नोंद मी वेगळी उघडून ठेवली आहे. ‘पाणी’ टाकलं तर ‘पाण्यात’ येत नाही, ‘कापड’वरून ‘कापडाचा’ येतो पण ‘गाडी’वरून ‘गाड्या’ नाही, ‘दुकानदार’वरून ‘दुकानदारांनी’ येतो पण ‘व्यापारी’वरून ‘व्यापाऱ्यांनी’ नाही, कारण प्रत्यय लागताना शब्दाचं शेवटचं अक्षरच बदलतं आणि तारा लावून ते पकडता येत नाही. यासाठी शब्दाचं मूळ रूप काढणारं काहीतरी लागेल, आणि ते असं हवं की चुकीचे शब्द एकत्र करणार नाही, नाही तर परत माल आणि मेल. सध्या मी असे शब्द वहीत जमवतोय, ई-कारान्त आधी, मग ऊ-कारान्त, विळा-विळ्याने सारखे आ-कारान्त त्यानंतर, प्रत्येकाची एकवचनी आणि अनेकवचनी सामान्यरूपं शेजारी लिहून. मराठी व्याकरण ज्यांचं पक्कं आहे त्यांची यात खरी गरज आहे, कोड येत नसला तरी चालेल. त्या नोंदीखाली शब्द आणि त्यांची रूपं टाकली तरी पुष्कळ, टेस्ट मी लिहितो.